पाय पसरायचे किती पैसे?

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण ज्याने केली तो बिचारा विमानात कधी बसला नसणार. विमानात अंथरूण नसतंच. असते ती सीट, आणि पाय किती पसरायचे ते पाकीट पाहून ठरवायचं असतं. तिकिटावर नाव-वय भरून झालं, आता फक्त पैसे भरायचे, की मध्येच तो सीटांचा नकाशा येतो. छोटे छोटे चौकोन, वेगवेगळे रंग. मागचे स्वस्त, पुढचे महाग, आणि पहिली रांग व मधल्या दोन रांगा सगळ्यात महाग. 'एक्स्ट्रा लेगरूम'! तेच विमान, तीच इकॉनॉमी, पोहोचायची वेळही तीच, फक्त गुडघ्यापुढे वीतभर हवा जास्त. त्या हवेचे आमच्या तिकिटाला माणशी १४०० रुपये सांगत होते. आमच्या मेसच्या हिशोबात बारा दिवसांचं दोन वेळचं जेवण!

मराठी विभागाच्या संपादिकेला विषय सांगितला तर ती म्हणाली, "अगं, आमटीत डाळ शोधणाऱ्या पोरींना तू विमानाच्या सीटचं काय सांगतेस?" पण खरं सांगा, आता आपल्यातल्याही बऱ्याच जणी कधी इंटर्नशिपला, कधी कॉलेजच्या टीमबरोबर स्पर्धेला विमानाने जाऊन येतात. आणि परत आल्यावर प्रश्न एकच, "ती महागाची सीट वर्थ आहे का गं?"

तर आधी थोडं थिअरी. दोन सीटांमधलं अंतर मोजायच्या मापाला 'पिच' म्हणतात. (गिअरचा पिच आठवून ज्यांच्या पोटात गोळा आला त्यांनी पाणी प्यावं.) व्याख्या गिअरसारखीच आहे. एका सीटवरच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. आपल्याकडच्या स्वस्त कंपन्यांच्या विमानांत हे अंतर साधारण २८ ते ३० इंच असतं. एक्स्ट्रा लेगरूमला कंपनीप्रमाणे त्याहून चार-सहा इंच जास्त. पण पिच म्हणजे लेगरूम नव्हे! त्यातून पुढच्या सीटच्या पाठीची जाडी वजा करायची असते. हल्ली सीटा पातळ करतात, मासिकांचा खिसासुद्धा गुडघ्यापासून वर नेऊन लावतात. म्हणून जाडी सहा सेंटिमीटर धरू. २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. वजा सहा, उरले ६५. त्या ६५ मध्ये आपली मांडी मावली पाहिजे, संपला विषय.

मग आम्ही प्रॅक्टिकल केलं. एका रविवारी लाइट गेले होते आणि अभ्यास कुणाचाच होत नव्हता, तेव्हा कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ टेकवून एकेकीला स्टुलावर बसवलं आणि वर्कशॉपच्या स्टील टेपने भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजलं. एकूण नऊ जणी. चार फूट अकरा इंचवालीचे ५१ सेंटिमीटर भरले, बहुतेकींचे ५३ ते ५७ च्या मध्ये, आणि बास्केटबॉलची कॅप्टन, जिच्यासाठी पंखा बंद ठेवावा लागतो असं आम्ही म्हणतो, तिचे ६०. म्हणजे सगळ्यात चिंचोळ्या सीटवरसुद्धा कॅप्टनबाईंच्या गुडघ्यापुढे पाच सेंटिमीटर शिल्लक! (बॉईज हॉस्टेलची मापं घ्यायची सोय नव्हती. रेक्टर सरांनी गैरसमज करून घेऊ नये.) मग घरी फोन करून आईला बाबांचं माप घ्यायला लावलं. बाबा पूर्ण सहा फूट. त्यांचे भरले ६३. उरले दोन. सरळ बसलं तर. जरा घसरून बसलं की गुडघा पुढच्याच्या पाठीत.

माझ्या मते सगळं उत्तर या मापातच आहे. इंच सगळ्यांना एकाच भावाने विकतात, पण त्याचा उपयोग सरळ रेषेत वाढत नाही. गुडघा टेकत नाही तोवर पुढे पाच सेंटिमीटर आहेत की पंचवीस, याने काही फरक पडत नाही. टेकला की मात्र एकदम सगळा त्रास सुरू होतो. म्हणून आमच्या विंगमधल्या कुणीही दोन तासांच्या प्रवासाला जादा पैसे देऊ नयेत. त्यात आणखी एक गंमत म्हणजे सीटची रुंदी तेवढीच राहते. शेजारच्या काकांचं कोपर लेगरूममध्ये सरकत नाही! सहा फुटी माणसाने मात्र जरूर घ्यावी, बिचाऱ्याला आपल्या हाडांचा टॅक्स भरावाच लागतो.

लांबचा प्रवास असेल, आठ-दहा तासांचा, तर गणित थोडं बदलतं. पण तिथेही लोक चुकीच्या गोष्टीला पैसे देतात असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एक अहवाल दिला होता. चार तास किंवा जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे घाबरू नका, तरीही तो सहा हजारांत एक एवढाच. आणि हे फक्त विमानाचं नाही, बस, रेल्वे, कार सगळ्यांचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडची बस पकडून दहा तास जागचं न हलणाऱ्यांनी वाचून ठेवावं. कारण आहे ते न हलणं. तेव्हा लांबच्या विमानात खिडकीपाशी एक्स्ट्रा लेगरूम घेऊन झोपण्यापेक्षा कडेची साधी सीट घ्या आणि उठून चाला.

आता ही जास्तीची जागा येते कुठून? पहिल्या रांगेपुढे सीटच नसते, भिंत असते. आणि मधल्या दोन रांगांत, आपल्याकडच्या बऱ्याच एअरबस ए३२० मध्ये १२ आणि १३ नंबरच्या, पंखावर उघडणारी संकटकालीन दारं असतात. तिथे मोकळी वाट ठेवावी लागते, कारण नियमच तसा आहे. निम्मी दारं बंद धरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत, तरच विमानाला परवानगी मिळते. २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए३८० ची अशी चाचणी झाली तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली होती. (आमचं हॉस्टेल फायर ड्रिलला किती वेळात रिकामं होतं ते मी इथे लिहीत नाही.) म्हणजे जी वाट सुरक्षेसाठी ठेवणं भागच आहे, तिचेच कंपन्या पैसे घेतात. डोकं आहे बुवा! वर बाराव्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही, मागचं दार अडतं म्हणून.

सगळ्यांनाच थोडी थोडी जागा का देत नाहीत? एकाने देऊन पाहिली. अमेरिकन एअरलाइन्सने २००० साली इकॉनॉमीतल्या सीटाच कमी केल्या आणि जादा पैसे न घेता सगळ्यांचे पाय मोकळे केले. लोकांनी तरीही स्वस्त तिकीटच शोधलं. २००३ पासून कंपनीने सीटा परत बसवायला घेतल्या. युनायटेडने मात्र १९९९ मध्ये पुढच्या काही रांगांतच जागा वाढवून तिला 'इकॉनॉमी प्लस' नाव दिलं होतं. तीच पद्धत टिकली आणि आता जगभर झाली. मला यात राग येण्यासारखं काही वाटत नव्हतं. ज्याला हवं त्याने विकत घ्यावं. हॉस्टेलमध्येसुद्धा कूलरचे वेगळे पैसे भरतोच की आपण.

पण मग बाबांचं तिकीट काढायची वेळ आली.

२०१९ मध्ये बाबा स्कूटरवरून पडले. डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झाली. तो आता साठ अंशापर्यंतच वाकतो, पुढे नाही. बसायला नव्वद लागतात. म्हणजे मांडी आडवी ठेवली की त्यांची नडगी तिरकी पुढे जाते. नडगी ४६ सेंटिमीटर, कॉस साठ म्हणजे अर्धा, तेव्हा घोटा गुडघ्याच्याही पुढे २३ सेंटिमीटर. ६३ अधिक २३. आणि जागा ६५! पाऊल पुढच्या सीटखाली जातं, पण नडगी तिच्या पाठीला खालून अडते. दादाचा दीक्षान्त समारंभ दिल्लीला होता. झेलम एक्सप्रेसने सव्वीस-सत्तावीस तास त्यांना जमणारे नव्हते, म्हणून विमान.

कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपये कमी करून घेणारे आमचे बाबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "तेरावी रांग घे. जाऊ देत चौदाशे." मी त्या चौकोनावर क्लिक केलं. एक चौकट उघडली, अटींची. बाबा म्हणाले, "मोठ्याने वाच." मी वाचत गेले. लहान मुलं नकोत, गरोदर बायका नकोत, प्रवासी शारीरिकदृष्ट्या सक्षम हवा, संकटात दार उघडून इतरांना मदत करता आली पाहिजे, हालचालीला मदत लागणाऱ्यांना ही सीट मिळणार नाही. आई उगाचच ताटं उचलायला लागली. बाबा म्हणाले, "पुढचं वाच." पुढचं काही नव्हतंच. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेला माणूस आहे हा. 'सक्षम' हा शब्द मी तरी कधी एवढा नीट ऐकला नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तो शब्दार्थात पाठ केलेला, दोन मार्कांना.

नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. धूर भरलेल्या विमानात दारापाशी न वाकणारा पाय नकोच. पण बघा ना, ज्या जागेची आमच्या कॅप्टनलाही गरज नाही ती चौदाशे दिले की मला, पाच फूट दोन इंचांच्या मला, आनंदाने मिळते, आणि ज्याला खरोखर हवी त्याने कितीही दिले तरी मिळत नाही.

सीटा अशा जवळ जवळ आणल्याने धोका वाढतो का, हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला होता. २०१७ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी विमान प्रशासनाला म्हणजे एफएएला यात पुन्हा लक्ष घालायला सांगितलं. पुढे एफएएने ओक्लाहोमा सिटीत ७२० माणसं बसवून-उठवून चाचण्या घेतल्या. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की २८ इंचांच्या पिचमधून ९९ टक्के अमेरिकन लोकांना बाहेर पडायला अडचण नाही. पण त्या ७२० मध्ये सगळे साठीच्या आतले आणि धडधाकट! हे एफएएने स्वतःच मान्य केलंय. म्हणजे बाबा चाचणीतही नाहीत आणि तेराव्या रांगेतही नाहीत.

पहिल्या रांगेचं पाहिलं. तिथे समोर भिंत. सीटखाली पाऊल सरकवायची सोयच नाही, हातावरचा ट्रे सीटच्या हातात बसवलेला म्हणून तो हात वर होत नाही, आणि तिरका पाय घेऊन आत शिरणं कठीण. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडच्या मुलीने तीनदा विचारलं, "मॅम, व्हीलचेअर लावू का?" सीटचं काही बोलेना. बाबांनी तीनदा मान हलवली, नको.

मला त्या दिवशी आपली एसटी आठवली. गळकी असेल, खिळखिळी असेल, पण खिडकीच्या वर रंगवलेलं असतं, 'अपंग'. त्याचे जादा पैसे नाहीत. तिथे बसलेला कॉलेजकुमार उठतोच असं नाही, कंडक्टरकाकांचा मूड कसा आहे त्यावर सगळं असतं. पण ती सीट कुणासाठी आहे ते तरी लिहिलेलं असतं.

शेवटी जर्नलच्या पानामागे सीटांचं स्केच काढलं आणि ट्यूब पेटली. इथे इंच मोजायचेच नव्हते, बाजू बघायची होती. ए३२० मध्ये मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना सी आणि डी सीटा. सी वर बसलं की वाट उजव्या हाताला, डी वर बसलं की डाव्या. बाबांचा डावा पाय. डी! मग १५ डी घेतली, कडेची साधी सीट, ३०० रुपये जादा. शेजारी आई आणि मी. तुमच्या घरी कुणाचा गुडघा आखडलेला असेल तर एवढं लक्षात ठेवा, डावा पाय डी, उजवा पाय सी.

पाय वाटेत तिरका मावला. विमान चढता-उतरताना आणि ट्रॉली आली की मात्र कमरेतून वळून तो आत घ्यावा लागायचा. एअर होस्टेस चांगली होती, प्रत्येक वेळी आधी हळूच सांगायची. आमच्या पुढे बाराव्या रांगेतल्या दोन सीटा रिकाम्याच दिल्लीला गेल्या. तेराव्या रांगेत एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. निघताना तिने त्याला दार कसं उघडायचं ते समजावलं तेव्हा त्याने एका कानातला हेडफोनसुद्धा काढला नाही, नुसती मान हलवली.

बाबा ते बघत होते. विमान वर गेल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या दाराचं वजन किती असेल गं?"

"पंधरा किलोच्या आसपास," मी म्हटलं.

"म्हणजे रिकामा सिलिंडर," बाबा म्हणाले. "तो तर अजून मीच खाली नेतो."

आई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात ट्रॉली आली आणि बाबांनी पाय आत घेतला.