चेंडू वळला, मामा!

चेंडू जसजसा मंदावतो, तसतसा तो जास्त वळतो! हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालंय. दांडिया बाजारात भाजीवाल्याला सांगून झालं, बँकेच्या रांगेत सांगून झालं, आता तुम्ही ऐका.

सकाळच्या चहाबरोबर आधी नवं संशोधन आणि मग रात्रीच्या फुटबॉलचे निकाल, हा माझा जुना नाद. हा नाद बडोद्याच्या हवेतच असावा. १९७१ साली इथल्याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले व्यंकी रामकृष्णन 'सायंटिफिक अमेरिकन' वाचता वाचता जीवशास्त्राच्या प्रेमात पडले आणि २००९ साली नोबेलपर्यंत पोचले! पण माझ्या वाचनात विज्ञान वेगळं आणि फुटबॉल वेगळा. परवा 'न्यू जर्नल ऑफ फिजिक्स'मधला २०१० सालचा एक शोधनिबंध हाती लागला आणि मधली भिंतच पडली.

विषय काय, तर ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसची ती फ्री किक! ३ जून १९९७, ल्यों, ब्राझील विरुद्ध फ्रान्स. गोल सुमारे ३५ मीटर लांब. कार्लोस लांबून धावत आला आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने त्याने चेंडू असा हाणला की तो बचावाला उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या उजवीकडून पार बाहेर निघाला. गोलच्या बाजूला उभा असलेला बॉलबॉय घाबरून खाली वाकला. आणि तिथून चेंडू आत वळला, खांबाला आतून घासून जाळ्यात! फ्रान्सचा गोलकीपर बार्थेझ जागचा हललासुद्धा नाही.

फिरणारा चेंडू भोवतालची हवा एका बाजूला लोटतो, म्हणून हवा त्याला उलट बाजूला रेटते. हे माग्नुस या शास्त्रज्ञाने १८५२ साली मांडलं होतं, आणि टेनिसचा चेंडू वळताना न्यूटननेही टिपला होता. पण हा निबंध लिहिणाऱ्या फ्रेंच संशोधकांनी पुढची गंमत पकडली. त्यांनी पाण्याच्या जवळपास घनतेचे छोटे फिरते गोळे पाण्यात सोडले आणि पाहिलं, तर त्यांची वाट चक्क गोगलगाईच्या शंखासारखी आत आत वळत गेली! कारण वेग घटत जातो, फिरकी मात्र जवळजवळ तशीच राहते. वेग निम्मा झाला की बाजूचा रेटाही निम्मा होतो, पण तेवढंच वळण घ्यायला आता पाव रेटाच पुरतो. म्हणजे वळण दुप्पट तीव्र! वीस-पंचवीस मीटरच्या किकमध्ये हे फारसं जाणवत नाही, चेंडूची वाट वर्तुळाच्या तुकड्यासारखीच दिसते. कार्लोसला लांबचं अंतर मिळालं, आणि तसा जबरदस्त पायही त्याचाच!

मग घरात बसवतंय कुणाला? भाच्याला घेऊन पोलो ग्राउंड गाठलं. जत्रेत मिळतो तसला हलका प्लास्टिकचा चेंडू मुद्दाम घेतला, कारण हलक्या चेंडूचा वेग हवा लगेच खाऊन टाकते, त्यामुळे ३५ मीटरांचा खेळ दहा-बारा मीटरांतच दिसतो. भाच्याने बुटाच्या आतल्या कडेने चेंडू घासून मारला. आधी सरळ, मग जरासा कलला, आणि वेग पार संपत आल्यावर एकदम आत ओढल्यासारखा वळला. "चेंडू वळला, मामा!" पोरगं नाचायलाच लागलं. शेजारी क्रिकेट खेळणारी मुलं खेळ सोडून धावत आली, "काका, फरी मारो ने!" (पुन्हा मारा ना!)

त्यातल्या एकाच्या हातात अर्ध्या भागावर चिकटपट्टी गुंडाळलेला टेनिस बॉल होता. स्विंगसाठी! माझ्या अंगावर काटाच आला. अहो, हे इरफान पठाणचं गाव! २९ जानेवारी २००६, कराची, कसोटीचं पहिलंच षटक आणि हॅटट्रिक. पाकिस्तानचे यूनूस खान आणि मोहम्मद यूसुफ दोघेही आत येणाऱ्या चेंडूवर गेले. क्रिकेटच्या चेंडूत हे काम करते शिवण. चेंडूच्या अंगाला चिकटलेला हवेचा पातळ थर शिवणीच्या बाजूला उशिरा सुटतो, दुसऱ्या बाजूला लवकर, आणि चेंडू शिवणीकडे झुकतो.

नासाच्या एम्स केंद्रातले रबी मेहता या स्विंगचे जुने अभ्यासक, आणि त्यांनीच फुटबॉलही तपासला! १९७० च्या विश्वचषकाचा चेंडू ३२ तुकड्यांचा, २००६ चा १४, २०१० चा जाबुलानी अवघ्या ८ तुकड्यांचा. असा गुळगुळीत चेंडू फिरकी न देता मारला की ताशी ८० किलोमीटरच्या आसपास हवेत डुलायला लागतो, आणि किक नेमक्या त्याच वेगाने येतात! गोलकीपर वैतागले ते उगाच नव्हे. २०१४ चा ब्राझुका तर ६ तुकड्यांचा, पण त्याच्या शिवणी लांब नि खोल, म्हणून हे डुलणं ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उतरलं.

चिकटपट्टीवाल्या चेंडूवर आता भाच्याचा डोळा आहे, आणि माझाही. कुणाला पाहायचं असेल तर सकाळी सातच्या आत या. वारा पडलेला असतो, आणि नंतर क्रिकेटवाले जागा सोडत नाहीत.