अडीचचं बीपी

त्या रात्री मी डॉक्टरांशी खोटं बोललो. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपसूक तोंडातून निघालं.

जूनमधली गोष्ट. वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली मी पाटोद्याला घरी होतो. दोन दिवसांपूर्वी पहिला पाऊस पडून गेला होता. रात्री नऊच्या सुमारास चुलत भावाचा आठ वर्षांचा पोरगा गोठ्यात कडबा आणायला गेला आणि बोंबलतच परत आला. पेंढीखाली विंचू होता, लाल. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, म्हणजे सगळा बालाघाटचा डोंगराळ पट्टा. इथं दगडांना तोटा नाही आणि दगडाखालच्या विंचवांनाही.

काकू म्हणाली, आधी विंचू उतरवून घेऊ. शेजारच्या गल्लीत एक म्हातारे बाबा आहेत. त्यांच्याकडे अर्धा तास गेला. पोरगं रडायचं थांबलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मग त्याला उलटी झाली, अंग घामानं निथळायला लागलं, तेव्हा कुठं आम्ही गाडी काढली.

आमच्या भागातल्याच एका सरकारी दवाखान्यात माझी धाकटी बहीण इंटर्न होती. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप असते, त्यातले काही महिने ग्रामीण भागात काढावे लागतात. त्या रात्री तिची नाइट होती आणि सोबत सर होते. सरांबद्दल मी फोनवर इतकं ऐकलं होतं की ते दिसायच्या आधीच मला त्यांचा राग होता. ती म्हणायची, "दादा, ते ओरडत नाहीत. ते नुसतं विचारतात. ओरडले असते तर बरं झालं असतं."

सर आले. पन्नाशीचे, बारके, पायात साधी चप्पल. आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं, "पाय गार आहेत का?"

तिनं केस पेपरकडे पाहिलं.

"कागदाला पाय नसतात. हात लाव."

तिनं लावला. "गार आहेत सर. ओले पण."

काकूनं पोरगं आता रडत नाही म्हणून सांगितलं, तर सर म्हणाले, "रडत होतं तोवर बरं होतं, आई. नुसतं दुखतं तेव्हा भीती कमी असते." मग प्राझोसिन नावाची गोळी, वजनाच्या हिशोबानं मोजलेला तुकडा. दर तीन तासांनी पुढचा तुकडा, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. दर अर्ध्या तासाला बीपी. पोराला उठवायचं नाही, बसवायचं नाही, लघवीलासुद्धा न्यायचं नाही. बहिणीला म्हणाले, "सगळं लिहून ठेव. मी मागच्या खोलीत आहे."

बाकड्यावर बसून मी मोबाईलवर वाचत राहिलो. विंचवाच्या विषानं शरीरात अॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. हृदय त्या दाबाविरुद्ध धडका देऊन थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. हे औषध मुळात ब्लड प्रेशरचं. विंचूदंशावर ते लागू पडतं हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, हे मला त्या रात्री कळलं. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवानं धडधाकट माणसं मरायची. पेशंटच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून ते नाडी, बीपी, श्वास टिपत राहिले. 1986 मध्ये प्राझोसिनवरचा त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. गंभीर दंशात शंभरातले चाळीसेक दगावायचे, ते प्रमाण एका टक्क्यावर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं सगळं कशातून निघालं, तर अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदींतून. हे मी वाचलं, आवडलं, बहिणीला दाखवायला स्क्रीनशॉटही काढला.

एकला बीपी 110. सव्वाला दुसरा तुकडा. दीडला 108, दोनला 106. बहीण आदल्या सकाळपासून जागी होती. अडीच वाजता ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती. पावणेतीनला दचकून उठली, घड्याळ पाहिलं, पोराकडे पाहिलं, ते शांत झोपलेलं. तिनं कागदावर अडीचसमोर 106 लिहिलं. पट्टा भिंतीवरच लटकत होता.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधी कबूल करतो. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः एका तिकिटावर 'टेस्टेड' लिहून ते बंद केलं होतं. टेस्ट केलं नव्हतं. आमच्या कामात हे चालतं, निदान कुणी मरत नाही असं आम्ही धरून चालतो.

पाचच मिनिटांत सर आले. कागद पाहिला. "अडीचचं कोणी घेतलं?"

"मी सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जागे होतात ना? हिनं पट्टा बांधला?"

"हो," मी म्हणालो. पटकन, ठामपणे. तिला परत सगळ्यांसमोर झापू देणार नव्हतो मी.

दोन सेकंद कोणी बोललं नाही. मग बहीण म्हणाली, "नाही सर. नाही घेतलं. झोप लागली, वरचाच आकडा लिहिला."

मला वाटलं, आता संपलं. सर म्हणाले, "मग आता घे."

84.

तिचा हात थरथरत होता म्हणून तिनं पुन्हा मोजलं. 84 च. उलट्या आणि घामानं अंगातलं पाणी गेलेलं, त्यात गोळीनं वाहिन्या सैल केलेल्या. सरांनी खाटेची उशी काढली. स्टेथो लावून दोन्ही बाजूंनी छाती सावकाश ऐकली, मग तिच्या कानाला स्टेथो लावून तिला ऐकवली. "पाणी ऐकू येतंय?" नाही. "मग सलाईन वाढव. आता दर दहा मिनिटांनी." ते मागच्या खोलीत गेले नाहीत. स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. सव्वाचारचा तुकडा पुढे ढकलला. 88, 92, 90, 96. मध्ये त्यांनी तिला चुकीची नोंद खोडायला लावली. फाडायची नाही, एक रेघ मारायची, बाजूला सही आणि वेळ.

मला काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. खरं तर तेच जास्त लागलं.

साडेपाचला काकूनं पोराचे तळवे हातात धरले आणि रडायला लागली. मी घाबरून उठलो. ते गरम झाले होते.

सहा वाजता दवाखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी उघडली. आम्ही दोघं उभे होतो. मी म्हणालो, काय माणूस आहे, नावाप्रमाणेच. ती काही बोलली नाही. अर्धा चहा झाल्यावर म्हणाली, "दादा, तू हो का म्हणालास?"

"तुला झापतील म्हणून."

"मला?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात तिनं मोबाईलवर वेळ पाहिली. उरलेला चहा तसाच बाकड्यावर ठेवला आणि बीपी घ्यायला आत पळाली.