वास कुणाला येतो?

हार्बरची गाडी गोवंडी सोडून मानखुर्दकडे निघाली, की डब्यात इथला कोण आणि पाहुणा कोण, हे विचारावं लागत नाही. पाहुण्याचा रुमाल नाकाला जातो. इथला मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. साताऱ्याहून आलेली मावशी आमच्याकडे चहाच्या घोटापुरताच नाकावरचा पदर काढत होती. "अगं, या वासात राहता कशा गं?" "कसला वास?" आईने विचारलं, आणि ती मुळीच आव आणत नव्हती.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं, इथल्या बहुतेक वस्त्यांहून जुनं. त्याचा वास आम्हाला कळतो तो गावाहून परतल्यावर, तेही रात्र सरेपर्यंत. दिसलेलं, ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातं, मग मेंदूत पुढे सरकतं. वासाला ती चौकी नाही. घ्राणकंदातून तो भीती-किळस हाताळणाऱ्या अमिग्डलापर्यंत थेट पोचतो, म्हणून विचार करण्याआधीच तोंड वाकडं होतं. पण तोच वास येतच राहिला, की आधी नाकातल्या पेशी थंडावतात आणि मग मेंदूही दखल घेईनासा होतो.

एरिक कँडल यांनी ही सवय अप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीत पेशीपर्यंत शोधत नेली. (स्मृतीवरच्या या कामासाठी त्यांना 2000 चं नोबेल मिळालं.) हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा तसंच केलं की ओढणं मंदावतं, कारण संवेदना नेणारी चेतापेशी पुढच्या पेशीसाठी रसायनच कमी सोडू लागते. शेपटीला विजेचा झटका दिला, की मात्र तोच हलका स्पर्श तिला पुन्हा झोंबतो.

आम्हाला तसा झटका जानेवारी 2016 मध्ये बसला. डम्पिंगला आग लागली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा आईनेही खिडक्या लावून घेतल्या. पुढे धूर ओसरला, खिडक्या उघडल्या आणि "कसला वास?" पुन्हा सुरू झालं.

यात सोय आहे, हे मान्य. रोज किळस करत कोण जगेल? पण फुफ्फुसांना अशी सवय होत नाही. गटारात उतरणाऱ्या कामगाराचा जीव घेणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा घाण मारतो. प्रमाण वाढलं की घ्राणचेताच बधिर करतो. वास गेला, म्हणजे वायू गेला, असं त्या माणसाला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की इथल्या हवेचा निकाल आमच्या नाकांवर सोपवू नका. तक्रार आली नाही, हा पुरावा धरू नका. वस्त्यांमध्ये हवा मोजणारी यंत्रं बसवा आणि रोजचे आकडे मानखुर्द स्टेशनाबाहेर, वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लावा.