कॉफी हाऊसमध्ये भेटलेले बारगीर

कोलकात्याला जाणारा मराठी प्रवासी कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल पाहतो, रसगुल्ल्याचे डबे बांधून घेतो आणि परततो. गेल्या डिसेंबरात माझाही बेत असाच होता. पण एका ज्येष्ठ बंगाली लेखकांनी इतिहासावर बोलायला वेळ दिला आणि भेटीची जागा सांगितली, कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाऊस. "घरी येऊ का?" असे मी फोनवर विचारले. ते हसले. "घरी मुलाखत होईल. तिथे या, अड्डा जमवू."

मेट्रोच्या महात्मा गांधी रोड स्टेशनावर उतरून पायी निघालो. या भागाला 'बोईपाडा' म्हणतात, म्हणजे पुस्तकांची आळी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारखे दहा चौक ओळीने मांडा, म्हणजे थोडीफार कल्पना येईल. समोर प्रेसिडेन्सी, जवळच कलकत्ता विद्यापीठ आणि मधल्या एका गल्लीत जुना अल्बर्ट हॉल. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या इंडियन असोसिएशनची स्थापना १८७६ साली याच हॉलमध्ये झाली. पुढे १९४२ साली कॉफी बोर्डाने येथे कॉफी हाऊस उघडले. आता कामगारांची सहकारी संस्था ते चालवते.

जिना चढून गेलो की प्रथम कानावर येतो तो आवाज. उंच छत, भिंतीवर रवींद्रनाथांची मोठी तसबीर, पांढऱ्या गणवेशातले फेटेवाले वेटर आणि प्रत्येक टेबलावर वाद. सत्यजित राय, सौमित्र चॅटर्जी, 'कृत्तिबास'चे सुनील गंगोपाध्याय ही सारी मंडळी येथे बसत. आपल्याकडे मराठी गाण्यांमुळेही ओळखीचे असलेले मन्ना डे यांनी या अड्ड्यावर गायलेले गाणे बंगालीत घरोघरी ठाऊक आहे. दुधाविना काळी कॉफी हवी असेल तर 'इन्फ्युजन' म्हणायचे. कॉफी बेताचीच असते, पण तासन् तास बसलात तरी कोणी उठवत नाही.

"महाराष्ट्रात कुठले?" दादांनी हिंदीत विचारले.

"राहतो मुंबईला. आजोळ नागपूरचे."

"अरे! म्हणजे बर्गींच्या गावचे!" शेजारच्या टेबलावरची दोन कॉलेजची पोरे वळून हसली.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. शाळेत आपण शिकलो की, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. दोन गुणांचा प्रश्न! बंगालात मात्र तो बागुलबुवा आहे. बाळाला निजवताना आया अजून एक अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गी मुलखात आल्याचे आणि सारा कुठून भरायचा याच्या काळजीचे वर्णन आहे.

नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सैन्य १७४२ च्या सुमारास चौथाईसाठी बंगालात शिरले आणि पुढची नऊ-दहा वर्षे येत राहिले. त्या काळच्या गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात जळालेली गावे, बायकांवरचे अत्याचार आणि डोक्यावर बोचकी घेऊन पळणारी माणसे वर्णिली आहेत. दादा ते सारे सावकाश सांगत होते, आवाज न चढवता. मला मात्र राग आला, खरे सांगतो. मी म्हणालो, "भास्करपंत कोल्हटकरांना अलिवर्दीखानाने बोलणीसाठी बोलावून दग्याने मारले, त्याचे काय?"

"मारले, १७४४ साली, मनकऱ्याला. दगाच होता तो," दादा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन इन्फ्युजन मागवली.

अखेर १७५१ साली तह झाला. बंगालने दर साल बारा लाख चौथाई द्यायची ठरले आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती गेला.

"पण एक नाव सांगतो, तुमच्याकडे ते फारसे कुणाला आठवत नाही. सखाराम गणेश देऊस्कर." मी गप्प बसलो, कारण मलाही ते नीट ठाऊक नव्हते. मूळ मराठी घराणे, जन्म देवघरजवळ, लेखन बंगालीत. त्यांचे 'देशेर कथा' हे इंग्रजी राजवटीने केलेल्या लुटीची मांडणी करणारे पुस्तक १९०४ साली आले, हातोहात खपले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालात शिवाजी-उत्सव रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली, १९०६ साली उत्सवासाठी लोकमान्य टिळक कलकत्त्याला आले.

ज्या घरांत बर्गीची भीती घालत, त्याच घरांत महाराजांची तसबीर कशी आली? दादांचे म्हणणे, इंग्रजांशी लढायला नायक हवा होता, म्हणून लोकांनी जुने दुःख बाजूला ठेवले. हे उत्तर मला पुरते पटले नाही. महाराज १६८० साली गेले, रघूजींच्या स्वाऱ्या त्यानंतर साठ वर्षांनी. दोन्ही एकाच मापाने मोजायचे का? "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण निजणारे मूल सनावळी विचारत नाही."

मग विषय सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांच्यावर आला. एक बंगाली, एक मराठी. पुण्यातल्या संशोधकांशी जदुनाथांचे खटके उडाले, पण सरदेसायांशी पन्नास वर्षे पत्रव्यवहार चालला. कागद शोधायचे, चुका दाखवायच्या, पुन्हा लिहायचे. बोलता बोलता बाहेर अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी श्यामबाजारला उतरून बागबाजारची मराठा डिच लेन शोधून काढली. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ साली कंपनीच्या लोकांनी शहराभोवती खंदक घ्यायला काढला. बेत सात मैलांचा, खणले जेमतेम तीन. मराठे कलकत्त्यावर चालून आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. उरले ते नाव. चहावाल्याने विचारले, कुठून आलात? मी "मुंबई" म्हणालो आणि आजोळ सांगायचे टाळले.

निरोप घेताना दादांनी एक मागणी केली होती. परतीच्या वाटेवर नागपूर लागेल, तिथून संत्री पाठवा. "बारा लाखांच्या हिशेबात थोडी वळती करून घेऊ."

गीतांजली एक्स्प्रेस नागपूरला थांबली तेव्हा मामा फलाटावर आले होते. त्यांच्याकडे दादांचा पत्ता आणि पैसे दिले. "कोण रे हे?" मामांनी विचारले. गाडी सुटेपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पेटी आठवड्याने पोचली. दोन संत्री आंबट निघाली, असे दादांनी फोन करून आवर्जून कळवले.