दहा हजारांतली एक पेशी

डॉ. कमल रणदिवे यांना मी कधी पाहिलं नाही. त्या २००१ साली गेल्या तेव्हा मी येवल्यात शाळेत होते आणि त्यांचं नावही माझ्या कानावर आलेलं नव्हतं. तरी माझ्या हाताला रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ओळखण्याचं हे काम कुणामुळे मिळालं, असं कुणी विचारलं तर पहिलं नाव मी त्यांचं घेते.

आमच्या गल्लीत मागांचा आवाज दिवसभर असे. शेजारच्या विणकरांचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा. संक्रांतीला तो गच्चीवर पतंग उडवायचा आणि मी त्याची आसारी धरायची. एका वर्षी त्याचा ताप उतरेना. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर निळे डाग उठले. नाशिकला नेलं, तिथून मुंबईला. मग गल्लीत एकच शब्द फिरला, रक्ताचा कॅन्सर. तो शब्द आला की पुढे कुणी काही विचारत नसे, आणि मीही विचारलं नाही. काही महिन्यांनी तो गेला. या आजाराचे अनेक प्रकार असतात, मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारातून पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात, परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून त्यासाठी झटत होते, यातलं काहीही मला बी.एस्सी. होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

पुण्यात एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी एकदा तास बाजूला ठेवून रणदिवेबाईंबद्दल सांगितलं. पुण्याची मुलगी, हुजूरपागेत शिकलेली. वडिलांची इच्छा तिनं डॉक्टर व्हावं अशी; तिनं निवडलं वनस्पतिशास्त्र. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करता करता ती मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांकडे कर्करोगाच्या संशोधनात आली आणि १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकून परत आली, आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये तिनं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढवायला लागणारी द्रावणं बाई आणि त्यांचे सहकारी स्वतः बनवत.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. तोवर संशोधन म्हणजे मोठं यंत्र आणि परदेशातून आलेली खोकी, अशी माझी समजूत होती. द्रावण नीट गाळलं नाही तर पेशी मरतात, आणि ते गाळणं हेही विज्ञानच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. निवृत्तीनंतर बाई अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या, हेही सरांनीच सांगितलं. अकोले आमच्या बाजूचंच. एवढं मोठं माणूस इतक्या जवळ काम करून गेलं होतं.

मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरी लागली तिथे फ्लो सायटोमीटर होता. कमरेच्या हाडातून काढलेल्या मॅरोमधल्या पेशींवर रंगीत चकाकी जोडलेले प्रतिपिंड चिकटवायचे आणि त्या पेशी एकामागून एक लेझरसमोरून सोडायच्या. पेशी केवढी, तिच्या आत दाणे किती, तिच्या अंगावर कोणत्या खुणा, हे यंत्र सेकंदाला हजारो पेशींबाबत टिपून ठेवतं. सीडी १९ आणि सीडी १० या खुणा दिसल्या तर बी-पेशींचं कूळ, सीडी ७ आणि पेशीच्या आतलं सीडी ३ दिसलं तर टी-पेशींचं. औषधं कोणती द्यायची हे यावर ठरतं. हे यंत्र स्टॅनफर्डला लेन हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आलं. एकाच खुणेला नेमके चिकटणारे प्रतिपिंड बनवण्याची रीत १९७५ मध्ये केंब्रिजच्या कोहलर आणि मिलस्टीन यांनी दिली, आणि तिचं पेटंट घेतलं गेलं नाही. आमच्या फ्रिजमधली प्रत्येक बाटली उघडताना मला याची जाणीव असते.

पण यंत्र टिपतं ते वाचायला मला शिकवलं ते आमच्या मॅडमनी. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. उपचारांच्या पहिल्या टप्प्यानंतर मुलाचा मॅरो पुन्हा आमच्याकडे येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो साफ दिसतो, आणि तरीही दहा हजारांत एक रोगट पेशी उरलेली असू शकते. तिचा शोध म्हणजे एमआरडीची, म्हणजे उरलेल्या अत्यल्प आजाराची, तपासणी. त्यासाठी दहा लाखांच्या आसपास पेशी तपासाव्या लागतात. नमुनाही फर्स्ट पुलचाच हवा. सुई घातल्यावर पहिल्यांदा ओढलेला मॅरो दाट असतो, नंतरच्यात रक्त मिसळत जातं आणि आकडा खोटा कमी येतो. मॅडम नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना हे फोन करून पुन्हा पुन्हा सांगत. त्यांचा आवाज मात्र कधी चढला नाही.

सर्वांत कठीण गोष्ट पुढेच. औषधांनंतर मॅरो सावरू लागला की निरोगी, कोवळ्या बी-पेशी भराभर तयार होतात. त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. त्यांच्याही अंगावर सीडी १९, सीडी १० असतंच. रोगट पेशी आणि या पेशी पडद्यावर शेजारी शेजारी बसतात. ओळख पटते ती एवढ्यानंच की निरोगी पेशी वाढीच्या ठरलेल्या वाटेनं जातात, एक खूण कमी होत जाते आणि दुसरी वाढत जाते. रोगट पेशी ती वाट सोडून कुठेतरी घोळका करून थांबतात. इथे गफलत झाली तर बऱ्या होत असलेल्या मुलाला नको तितकी कडक औषधं मिळतील, नाहीतर आजार उरलेल्याला कमी. पहिल्यांदा मॅडमनी मला एक डॉट प्लॉट दाखवला तेव्हा मला नुसते ठिपके दिसले. त्यांनी जुन्या रुग्णांचे आलेख काढले, कितीतरी संध्याकाळी शेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि त्या वाटेवर बोट फिरवत राहिल्या.

ते जुने आलेख मुलांचे होते. त्यांतली काही मुलं आता कॉलेजात आहेत, काही नाहीत. त्यांच्या आईवडिलांनी, जीव टांगणीला लागलेला असताना, उरलेला नमुना अभ्यासाला वापरायची परवानगी दिली. माझी नजर त्यांच्या नमुन्यांवर तयार झाली. या ऋणाची परतफेड कुणाला करायची हे मला माहीत नाही. मी रिपोर्टवर सही करण्याआधी आलेख दुसऱ्यांदा उघडते, एवढंच जमतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटाच्या डॉक्टरांनी मिळून घडवलेल्या कार-टी उपचाराला देशात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींना त्यात सीडी १९ ओळखायला शिकवलेलं असतं. इतकी वर्षं आम्ही जी खूण फक्त वाचत होतो, तिच्यावरच आता औषध नेम धरतं. हे वाचलं त्या दिवशी मी मॅडमना फोन केला, आणि आम्ही दोघी बराच वेळ बोलत राहिलो. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "आता सीडी १९ वर विसंबू नकोस हं." या उपचारानंतर परतणाऱ्या रोगट पेशी कधी कधी ती खूण टाकून देतात, म्हणून त्यांना सीडी २२, सीडी २४ आणि पेशीच्या आतलं सीडी ७९ए यांवरून शोधावं लागतं. ती आखणी आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलीला माझ्यापेक्षा चांगली येते. सध्या काम संपल्यावर मी तिच्याकडून ती शिकते आहे.