एका बरोबर उत्तराची कैफियत

एका मुलीने आपल्या मातृभाषेतील काही शब्द अचूक लिहिले आणि यंत्राने ते चुकीचे ठरविले, एवढीच काय ती हकीकत. परंतु तिचा सल माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर आली तेव्हापासून येथे मराठी घरे नांदत आहेत, आणि संगणकाच्या नोकऱ्यांनी त्यांत अलीकडे मोठी भर घातली. या घरांतील मुले मराठी बोलतात चांगले, पण शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकत असल्यामुळे त्यांचे मराठी लेखन मात्र पांगळे राहते. म्हणून आमच्यासारख्या काहीजणी रविवारी त्यांचे वर्ग घेतात. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, वर्ग फोनवर गेले, आणि शब्द बोटाने ओढून जागी बसविणे, जोड्या जुळविणे, गाळलेली जागा भरणे असे खेळवजा स्वाध्याय, ज्यांना मुले सरसकट 'ॲक्टिव्हिटी' म्हणतात, मी तयार करू लागले. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला फ्लॅश या संगणकप्रणालीचा कारभार आटोपला, तेव्हा त्यावर बेतलेले जुने साहित्य बाजूला ठेवून सर्व काही नव्या तयार साधनावर पुन्हा रचावे लागले.

या कामाबद्दल मला मोठा विश्वास वाटत असे. शिक्षिकेच्या कपाळावरील आठीला भिणारे मूल यंत्राला भीत नाही; यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही, हुशार मुलाकडे पाहून अधिक हसत नाही; तेव्हा निःपक्षपातीपणा हा यंत्राचा सर्वात मोठा सद्गुण होय, असे मी पालकांच्या सभेत आवर्जून सांगत असे.

स्वाध्याय अनेकवचनाचा होता. नदी, काठी, दरी, पायरी, दोरी, भाकरी असे शब्द दिले होते आणि त्यांची अनेकवचने मुलांनी टंकित करावयाची होती. चौथीतल्या एका मुलीने 'नद्या' लिहिले, हिरवी खूण आली. 'काठ्या' लिहिले, पुन्हा हिरवी खूण आली. मग तिने 'दऱ्या' लिहिले आणि लाल फुली आली. 'पायऱ्या', 'दोऱ्या', 'भाकऱ्या', सगळ्यांवर फुल्या. पोरगी बुद्धिमान, तिने यातून नियम काढला : र आला की आपले चुकते. तेव्हा तो अर्धचंद्रासारखा र टाकून तिने वर रफार देऊन तेच शब्द लिहून पाहिले. त्यांनाही फुली मिळाली. तिच्या आईने शेजारून सांगितले, "अगं, मशीन कसं चुकेल? तूच नीट बघ." पुढच्या रविवारी ती मला हळूच म्हणाली, "काकू, र ला काय होतं ते मला येतच नाही."

मी तिचे उत्तर आणि माझ्या उत्तरपत्रिकेतील उत्तर एकाखाली एक ठेवून पाहिले. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसेना. फरक होता तो संगणकाच्या पोटात. मराठीतील हा र, जो हिंदीला लागत नाही, दोन रीतींनी साठविता येतो. एका रीतीत साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावयाचे. दुसऱ्या रीतीत, खाली नुक्ता असलेला ऱ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याला हलन्त द्यावयाचा. माझ्या संगणकावरील टंकनव्यवस्था पहिली रीत वापरी, मुलीच्या फोनचा कळफलक दुसरी. युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकात दोन्ही रीतींची नोंद आहे, दोन्हींतून पडद्यावर उमटणारे अक्षर एकच आहे. परंतु त्या दोन्ही रीती समतुल्य मानाव्यात असे मानक म्हणत नाही, आणि म्हणून यंत्राच्या दृष्टीने 'दऱ्या' आणि 'दऱ्या' हे दोन निरनिराळे शब्द ठरतात. फ्रेंचमध्ये आघातचिन्ह असलेला ई हा स्वरही असाच दोन प्रकारे साठविता येतो. पण ते दोन्ही प्रकार एकच होत, असे त्याच मानकाने स्पष्ट शब्दांत नमूद करून ठेवले आहे. जी सवलत फ्रेंच मुलाच्या स्वराला मिळाली ती मराठी मुलाच्या व्यंजनाला मिळू नये, याचे समर्थन मला आजतागायत कोणी करून दाखविलेले नाही.

ते साधन बनविणाऱ्यांना मी सविस्तर अर्ज केला. पडद्याची चित्रे जोडली, दोन्ही रूपांचे संकेतांक लिहिले, दुरुस्तीची तजवीजही सुचविली. उत्तर सभ्य होते. त्याचा आशय असा की, दोन्ही शब्दांतील संकेतांक भिन्न आहेत, सबब ते भिन्न धरले जातात. यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालत असल्याने हा दोष नव्हे. यातील एकही विधान खोटे नाही, आणि हेच मला अधिक झोंबते. हे उत्तर लिहिणाऱ्याच्या अपेक्षेत ती मुलगी कोठेच नव्हती. कोणी कारकुनाने दरखास्त फेटाळावी तर त्याच्या वरिष्ठाकडे दाद मागता येते. येथे कारकून नाही, वरिष्ठ नाही, केवळ एक लाल फुली आहे, आणि आठ-नऊ वर्षांचे मूल तिला आपल्या बुद्धीचा निकाल समजून स्वीकारते.

म्हणून जे शिक्षक असे स्वाध्याय करतात त्यांना माझे सांगणे आहे की, र चे हे रूप असलेले प्रत्येक उत्तर दोन्ही रीतींनी नोंदवा, 'ॲ' चेही तसेच करा, आणि स्वाध्याय निदान दोन वेगळ्या फोनांवर टंकून पाहिल्याखेरीज मुलांच्या हाती देऊ नका. अक्षरे विस्कटून शब्द लावण्याचा खेळ असेल तर शब्द यंत्राकडून फोडून घेऊ नका. ते 'शिक्षक' या शब्दाचे तुकडे करताना वेलांटी आणि हलन्त सुटे काढून टिंबांच्या वर्तुळावर टांगून ठेवते. असले अक्षर मुलाने कोणत्या पाटीवर पाहिलेले असते? जोडाक्षर हे एक एकक धरावे असा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत, म्हणजे 2023 साली आला. त्यात देवनागरी आहे, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मल्याळम आहे. ज्या नगरात मी हे लिहीत आहे तेथील कन्नड त्या यादीत नाही. कन्नड मूल प्रथम जे शब्द शिकते ते अम्म, अप्प, अक्क, आणि या प्रत्येकात ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षर, आहे.

कर्नाटकात 1995 साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून 'नली-कली' ही अध्यापनपद्धती सुरू झाली, ती कागदी कार्डांच्या आधारावर. मूल कार्ड उचलते, आपल्या गतीने सोडविते, शेजारच्या मुलाला दाखविते; निवाडा माणसांत होतो. तो मार्ग आठवून मी माझ्या स्वाध्यायांतून फुली काढून टाकली आणि त्याऐवजी मुलाचे उत्तर व अपेक्षित उत्तर शेजारी शेजारी दाखवू लागले. मुलांना ते मुळीच रुचले नाही. "बरोबर की चूक ते सांगा ना," असा त्यांचा एकच घोष, आणि त्यात ती मुलगी सर्वांच्या पुढे होती! तात्काळ निकालाची गोडी मी त्यांना लावली की ती उपजतच असते, हे मला ठरविता येत नाही. अखेर जोड्या आणि पर्याय यांपुरती फुली मी परत आणली. जेथे मूल स्वतः लिहिते तेथे ती ठेवली नाही, आणि ती लिहिलेली उत्तरे मीच वाचते, मग रविवारची रात्र त्यात गेली तरी चालेल. कन्नड शिकविणाऱ्या माझ्या शेजारणीसाठी शब्दांची यादी तयार होत आहे. तिच्यातील ओत्तक्षरे आम्ही दोघी अजून हातानेच फोडतो.