पडलेल्यांचा श्रावण

गुरुपौर्णिमेला दहीहंडीच्या सरावाचा नारळ फुटतो आणि जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंतच्या मैदानांत, चाळींमधल्या मोकळ्या जागांत, सोसायट्यांच्या आवारांत रात्री नऊनंतर पोरं जमू लागतात. कोणी दिवसभर अंधेरीच्या एमआयडीसीत मशीनसमोर उभा राहिलेला असतो, कोणी जेवणाची पेटी पाठीला लावून पवईचे चढ चढून-उतरून आलेला असतो, कोणी घाटकोपरच्या गोदामात माल उचलून आलेला असतो. चपला कडेला निघतात. हात जमिनीला लागून कपाळाला जातो. पाऊस असो, चिखल असो, पहिला थर लागतो.

त्यांच्यातल्या त्या थोड्यांची आज आठवण काढायची आहे, जे एका दहीकाल्याला दोरीखाली उभे होते आणि त्यानंतर पुन्हा कधी स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत. आणि त्यांचीही, जे त्या दिवशी घरून निघाले ते परत आलेच नाहीत.

लोक वर पाहतात. हंडी वर असते, दोरीला बांधलेली फुलं वर असतात, कॅमेरे वर वळलेले असतात. मनोरा तोललेला असतो खाली. तळाला पोरं एकमेकांना छाती भिडवून दाटीने उभी, माना खाली, हात पुढच्याच्या खांद्यावर. तिथे वारा पोचत नाही. पुढच्याच्या भिजलेल्या टी-शर्टचा वास, स्वतःचाच श्वास आणि वरून वाढत जाणारा भार, एवढंच असतं. चढणारा आधी मांडीवर पाय देतो, मग कमरेवर, मग खांद्यावर. पायाची बोटं कातडीत रुततात. मान आणि खांदा यांच्या मधल्या खळग्यात टाच बसली, की खालच्याला कळतं वर कोण गेला ते. महिना-सव्वा महिन्याच्या सरावात तो चेहरा न बघता पावलावरून माणूस ओळखायला शिकलेला असतो. वरचे थर आधी बसून असतात. प्रशिक्षकाची हाक आली की खालून एकेक थर उठतो. सगळ्यात शेवटी चढतो तो सगळ्यांत हलका. वर पोचून त्याने हात उंचावले, की सलामी झाली. दोन-चार क्षण. तळातल्याला त्यातलं काहीच दिसत नाही. गर्दीचा कल्लोळ कानावर आला की त्याला समजतं, लागला.

या दोन-चार क्षणांचा अभिमान मलाही आहे. 10 ऑगस्ट 2012 रोजी ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचले. 43.79 फूट. गिनेस बुकात नोंद झाली. 16 ऑगस्ट 2025 रोजी ठाण्यातच जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहावा थर लावला. ज्या वस्त्यांचं नाव एरवी पाणी तुंबल्यावरच बातमीत येतं, त्या वस्त्यांच्या पोरांनी हे केलं. त्यांच्याकडे ना स्टेडियम होतं, ना पगारी प्रशिक्षक, ना खुराक. पार्ल्याच्या मुलींनी थर रचले, नयन फाउंडेशनच्या दृष्टिहीन मुलांनी रचले. एका माणसाचा दुसऱ्यावर इतका डोळे मिटून विश्वास, तोही जात-पात न विचारता, या शहरात दुसरीकडे कुठे पाहायला मिळतो, मला ठाऊक नाही.

म्हणूनच पडणाऱ्याचं दुःख जास्त होतं.

थर कोसळण्याआधी थरथरतो. तिसऱ्या-चौथ्या थरातल्या एखाद्याचा गुडघा लटपटतो. ती थरथर त्याच्या पायातून खालच्याच्या खांद्यात उतरते, वरच्याच्या पोटऱ्यांत चढते. सगळे दात आवळून धरतात. कधी सावरतं. कधी एक पाय घामावरून घसरतो आणि मग कोणाच्याच हातात काही राहत नाही. भोवतीची माणसं हात वर करून झेलायला धावतात, बहुतेकांना झेलतातही. जो हातांच्या मधून जातो, तो डांबरी रस्त्यावर मानेवर येतो.

पथक थांबत नाही. त्याला थांबता येत नाही. सकाळी बोरिवलीत मागाठाण्याला सलामी, दुपारी घाटकोपर, संध्याकाळी ठाणे, रात्री पुन्हा एखादी मानाची हंडी. ट्रक, टेम्पो, दुचाकी, भर पावसात भिजलेली गर्दी. प्रत्येक मंडपात पुन्हा तोच चिखल, तेच खांदे, अंगात उरलेली ताकद मात्र आधीपेक्षा कमी. बक्षिसांचे आकडे लाखांत बोलले जातात, पण थरातल्या पोराच्या हातात त्यातलं क्वचितच काही पडतं. पैसा गाड्यांना जातो, टी-शर्टना जातो, जेवणाला जातो, जखमींच्या औषधांना जातो. त्याचा स्वतःचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. रात्री महापालिका जखमींची संख्या सांगते. कधी दोनशेच्या घरात, कधी तीनशेच्याही वर. राजावाडी, कूपर, ट्रॉमा केअर, केईएम ही रुग्णालयं. बहुतेकांना मलमपट्टी करून घरी पाठवलं, असं बातमी सांगते. राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नसतं. तोवर गणपतीचे मंडप उभे राहू लागलेले असतात.

मानेचा मणका मोडला की शरीर खांद्याखाली परकं होतं. हात आहेत, उचलत नाहीत. पाय आहेत, त्यांना थंडी-ऊन कळत नाही. लघवीला नळी लागते. एका कुशीवर फार वेळ ठेवलं तर पाठीला जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा दोन तासांनी, रात्री दोन तासांनी. दहा बाय बाराच्या खोलीत हे काम आई करते, नाहीतर बायको. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, श्वास धरून ती त्याला वळवते, पाठीमागे उशी लावते, नळी दुमडली नाही ना ते बघते. ज्याच्या खांद्यांवर कधीकाळी चार थर उभे होते, त्याचा भार ती एकटी उचलते. सुरुवातीला पथकातली पोरं रोज येतात. मग रविवारी येतात. मग त्यांची लग्नं होतात, नोकऱ्या बदलतात, कोणी विरारला जातो, कोणी बदलापूरला. त्यांना दोष देववत नाही. श्रावणात खिडकीतून ढोलाचा आवाज आत येतो. खिडकी लावून घेऊ का, असं ती विचारते, आणि तो म्हणतो, राहू दे.

राज्याने, न्यायालयांनी यावर पुष्कळ शब्द खर्च केले. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, 20 फुटांच्या वर थर नकोत आणि 18 वर्षांखालचं कोणी नको. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. 2017 मध्ये उंचीचं बंधन गेलं आणि वयाची मर्यादा चौदावर आली. 18 ऑगस्ट 2022 रोजी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला. गोविंदाचा मृत्यू झाला तर 10 लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावले तर साडेसात लाख. दुसऱ्याच दिवशी दहीकाला होता. त्या दिवशी विलेपार्ल्यात थरावरून पडलेला एक तरुण काही दिवसांतच गेला. 2023 मध्ये 50 हजार गोविंदांचा विमा उतरवला गेला, माणशी हप्ता 75 रुपये. 2025 मध्ये विमा उतरवलेल्या गोविंदांचा आकडा दीड लाखावर नेला. त्याच वर्षी दहिसरला सरावाच्या वेळी एक मुलगा पडून गेला. त्याला चौदावं वर्षही लागलं नव्हतं.

जिवावर बेतणारे खेळ जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेतल्या रोडिओत उधळलेल्या बैलावर एका हाताने आठ सेकंद तग धरायचा असतो. तिथलेही स्वार कष्टकरी घरांतले. प्रवेशाचे पैसे, प्रवासाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात, आणि आठ सेकंद पुरे झाले नाहीत तर रिकाम्या हाताने पुढच्या गावी निघतात. 1989 च्या जुलैमध्ये वायोमिंगमधल्या शायान गावी लेन फ्रॉस्ट हा नावाजलेला स्वार बैलावरून उतरल्यावर बैलाच्या धडकेने जागीच कोसळला आणि गेला. वय 25. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट, तोही स्वारच, त्यानंतर छाती वाचवणारं जाड जाकीट तयार करायच्या मागे लागला. आज ते घातल्याशिवाय मोठ्या स्पर्धेत कोणी बैलावर बसत नाही. स्पेनमधल्या कॅटालोनियात आपल्यासारखेच मानवी मनोरे रचतात. 2010 मध्ये युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात मान दिला. तिथेही 2006 मध्ये एक लहान मुलगी पडून गेली, आणि त्यानंतर शेंड्यावर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. गेलेल्या माणसाला तिथेही कोणी परत आणू शकलं नाही. पण त्याच्या जाण्याने मागच्यांसाठी काहीतरी ठेवलं, आणि ते काढून घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही.

आपल्याकडे गेलेल्यांनी काय ठेवलं? दर दोन-तीन वर्षांनी बदलणारा नियम, भाषणात वाढत जाणारी रक्कम, आणि काही मंडपांतल्या गाद्या व शेंड्यावरच्याच्या कमरेला बांधलेला दोर. हा दोर खरा आहे. ज्या पथकांनी तो हट्टाने आणला, त्यांना हात जोडतो. पण गल्लीबोळातल्या शंभर हंड्यांखाली आजही डांबर आहे, आणि जुलैतल्या सरावाच्या रात्री तर पाहायलाही कोणी नसतं.

खेळ बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्याला वर्षभर लोकलच्या दारात, साहेबाच्या केबिनबाहेर, रेशनच्या रांगेत मागे उभं राहावं लागतं, त्याला हा एक दिवस आभाळाला हात लावायला देतो. तो दिवस त्याच्याकडून काढून घ्यायचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. मात्र साहसी खेळ म्हटलं, तर त्याचा हिशेब वर्षाच्या बाराही महिन्यांचा हवा. नारळ फुटल्याच्या रात्रीपासून विमा हवा. सरावाच्या प्रत्येक मैदानात गादी आणि दोर हवा. लहानग्याला वर चढवणाऱ्या मोठ्यांना जाब विचारला जायला हवा. आणि मणका मोडलेल्याला जन्मभराचे उपचार हवेत. त्याची कूस बदलणाऱ्या बाईला दरमहा काही हातात मिळायला हवं. एवढं ज्या मंडळाला, ज्या नेत्याला, ज्या सरकारला जमत नसेल, त्याने दोरी बांधू नये. ज्यांच्या पाठीवर पाय देऊन हंडी फुटते, ते पडल्यावर त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार, ते आधी ठरवावं आणि मगच बक्षिसाचा आकडा सांगावा.